जुन्या संगणकाची नवी स्मृती

कोणतीही वस्तू जुनी झाली की ती टाकून द्यावयाची, ही रीत आपल्याकडे पूर्वी नव्हती. भांड्याला कल्हई होई, छत्रीला नवी काडी बसे आणि मोठ्या भावाचा सदरा उसवून धाकट्याला बेतला जाई. घरोघरी आलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र ही काटकसरीची बुद्धी आपण विसरत चाललो आहो. यंत्र मंद झाले की ते निकामी झाले, असे आपण समजतो. वस्तुतः दहाबारा वर्षांच्या यंत्रालाही योग्य ती स्मृती जोडली असता ते अभ्यासाच्या कामी आणखी काही वर्षे सुखाने चालू शकते. 'योग्य ती' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अयोग्य स्मृती विकत घेतली तर पैसे जातात आणि यंत्र होते तेथेच राहते. आम्ही मूळचे वाङ्मयाचे विद्यार्थी. तथापि विद्यार्थ्यांचे पालक हा प्रश्न वारंवार विचारू लागल्यामुळे आम्ही या विषयात लक्ष घातले. त्यातून जे हाती आले, ते सोप्या शब्दांत येथे मांडीत आहो.

प्रथम स्मृती म्हणजे काय ते पाहू. मराठीत आपण 'आठवण' म्हणतो, आमच्या कोंकणी मातृभाषेत तिला 'उगडास' म्हणतात, तर आपल्या शेजारची कानडी मुले 'नेनपु' म्हणतात. शब्द तीन, पण अर्थ एकच. संगणकाला मात्र दोन प्रकारची आठवण असते आणि बहुतेकांचा घोटाळा येथूनच सुरू होतो. एक आठवण हार्ड डिस्कची. ती कपाटासारखी असते; वीज गेली तरी आत ठेवलेली चित्रे, गाणी, धडे जागच्या जागी राहतात. दुसरी आठवण रॅमची. ती अभ्यासाच्या मेजासारखी होय. कपाटातून काढलेली वह्या-पुस्तके आपण मेजावर पसरतो, त्यांवर काम करतो आणि उठताना आवरून ठेवतो. संगणक बंद केला की रॅममधील सारे पुसले जाते.

असे का होते, हे कळणे कठीण नाही. रॅमच्या चकतीत कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा अत्यल्प भार साठविलेला असतो. भार असेल तर एक, नसेल तर शून्य. परंतु हे कप्पे गळक्या घागरींसारखे आहेत; भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की भरणे थांबते आणि आठवण नाहीशी होते. एक सूक्ष्म विद्युत्-कळ आणि एक भारसंचयी कप्पा एवढ्यावरच आठवणीचा एक अंक साठविण्याची ही युक्ती आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड या शास्त्रज्ञाला १९६६ मध्ये सुचली व १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ११०३ या चकतीत केवळ १,०२४ कप्पे होते. आज ८ जीबीच्या बोटभर रुंद पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी कप्पे मावतात! मानवी बुद्धीचा हा चमत्कार आपण बाजारातून कागदात गुंडाळून घरी आणतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता यंत्र मंद का होते? मेज लहान आणि पुस्तके अनेक, अशी स्थिती झाली म्हणजे मनुष्य काय करतो? एक पुस्तक कपाटात ठेवून दुसरे काढतो, पुन्हा दुसरे ठेवून पहिले काढतो. त्याचा सारा वेळ उठण्याबसण्यात जातो. रॅम अपुरी पडली की संगणकही तेच करतो. तो हार्ड डिस्कच्या काही जागेचा मेजासारखा उपयोग करू लागतो आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असल्यामुळे काम रखडते. मेज मोठे केले की ही धावपळ थांबते.

परंतु खर्च करण्यापूर्वी रोगाचे निदान झाले पाहिजे. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटने एकदम दाबली असता 'टास्क मॅनेजर' नावाची चौकट उघडते. तीत 'परफॉर्मन्स' या भागात जाऊन 'मेमरी' निवडावी. नेहमीचे काम चालू असताना स्मृतीचा वापर सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढविल्याने गुण येईल. पण स्मृती अर्धी रिकामी असून डिस्कच शंभर टक्क्यांना टेकलेली दिसत असेल, तर रॅम आणून उपयोग नाही. तेथे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे हाच उपाय होय. पोट दुखत असता डोळ्यांत औषध घालण्यात अर्थ नाही. याच चौकटीत रॅम किती आहे, तिचा वेग काय आणि किती स्लॉट भरलेले आहेत, हेही लिहिलेले असते. ते वहीत टिपून घ्यावे.

येथून मुख्य प्रश्नाकडे वळू. रॅम 'जुळते' म्हणजे नेमके काय? आपल्या हुबळीच्या रेल्वेचेच उदाहरण घ्या. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने या भागात जे लोहमार्ग टाकले, ते मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेले होते. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉड गेजचा झाला. त्यावर दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. तेव्हापासून आपल्याकडचे मार्ग रुंद होईपर्यंत मुंबई-पुण्याहून येणाऱ्या उतारूंना मिरजेस सामानसुमानासह गाडी बदलावी लागे. ही दगदग आपल्या आजी-आजोबांना चांगली आठवत असेल. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडचे मार्ग रुंद झाले आणि ती संपली. मार्च २०२३ मध्ये हुबळी स्थानकावर १,५०७ मीटर लांबीच्या, जगातील सर्वांत लांब म्हणून गणल्या गेलेल्या फलाटाचे उद्घाटन झाले. पण फलाट कितीही लांब असला, तरी रुळांचे माप जुळल्यावाचून गाडी त्याला लागत नाही. रॅमचेही तसेच आहे. किती जीबी, ही झाली फलाटाची लांबी. आधी पाहावयाचे ते रुळांचे माप, म्हणजे रॅमची पिढी.

गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत रॅमच्या पाच पिढ्या झाल्या. त्यांना डीडीआर, डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ अशी नावे आहेत. घरगुती संगणकाच्या पट्टीच्या तळाशी ज्या सोनेरी रेघा दिसतात, त्यांस पिन म्हणतात. पहिल्या पिढीच्या पट्टीला १८४ पिन असून तिला २.५ व्होल्ट दाब लागे. डीडीआर-२ ला २४० पिन व १.८ व्होल्ट. डीडीआर-३ ला पुन्हा २४० च पिन, पण दाब १.५ व्होल्ट. डीडीआर-४ ला २८८ पिन व १.२ व्होल्ट, डीडीआर-५ ला २८८ पिन व १.१ व्होल्ट. दर पिढीत वेग वाढला आणि विजेची भूक कमी झाली. दुसऱ्या व तिसऱ्या, तसेच चौथ्या व पाचव्या पिढीच्या पिनांची संख्या सारखीच असल्याने त्या एकमेकींच्या जागी बसतील, असा भास होतो. तसे मुळीच नाही. पट्टीच्या तळाशी एक लहानशी खाच असते आणि ती प्रत्येक पिढीत निराळ्या जागी ठेवलेली आहे. ही खाच म्हणजे दारावरचा पहारेकरीच समजा. खाच जुळत नसता पट्टी जोराने दाबून बसविण्याचा प्रयत्न केल्यास पट्टी व मदरबोर्ड या दोहोंस मुकावे लागेल. ढोबळ मानाने बोलावयाचे तर २००७ च्या आधीच्या यंत्रात डीडीआर-२ किंवा त्याहून जुनी, २०१० ते २०१५ मधील यंत्रात बहुधा डीडीआर-३ आणि त्यानंतरच्या यंत्रात बहुधा डीडीआर-४ आढळते. पण 'बहुधा'वर विसंबून पैसे खर्चू नयेत. पट्टी काढून तिच्यावरील कागद वाचावा.

पिढी जुळली म्हणजे संपले, असे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेही लागू पडते. कोणत्या मदरबोर्डला जास्तीत जास्त किती रॅम सोसते, हे ठरलेले असते. इंटेलच्या ९४५-जी या जुन्या जातीच्या बोर्डावर ४ जीबी, जी-४१ जातीच्या बोर्डावर ८ जीबी आणि एच-६१ जातीच्या बोर्डावर दोन स्लॉटांत मिळून १६ जीबी ही परिसीमा आहे. यावर रॅम घातली तर ती ओळखली जात नाही, किंवा यंत्र सुरूच होत नाही.

दुसरी मर्यादा विंडोजची. तुमच्या यंत्रावरील विंडोज ३२ बिटांची असेल, तर ती केवळ २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकीच घरे मोजू शकते. हेच ते ४ जीबी. त्यांतूनही काही घरांचे क्रमांक चित्रदर्शी व इतर भागांसाठी राखून ठेवावे लागत असल्याने हाती तीन-साडेतीन जीबीच उरतात. अशा यंत्रात ८ जीबी रॅम बसविणे म्हणजे शंभरापर्यंतच अंक येणाऱ्या मुलाला दोनशे आंबे मोजावयास देण्यासारखे आहे. तेव्हा आधी ६४ बिटांची प्रणाली घालावी, मग रॅम वाढवावी.

आता एक अधिक सूक्ष्म गोष्ट सांगतो, कारण आपल्या भागातील अनेक घरांचे पैसे येथेच बुडतात. आमच्या पाहण्यात आलेली हकीगत अशी. एका विद्यार्थ्याच्या आईने शिवणकामाच्या मिळकतीतून पैसे बाजूला काढून मुलाच्या जी-४१ जातीच्या संगणकासाठी ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी घेतली. पिढी बरोबर होती, परिसीमाही ओलांडलेली नव्हती, खाचही जुळली; पण यंत्र सुरू होईना. दुकानदाराने 'एकदा फोडलेला माल परत नाही' म्हणून हात वर केले. यात दोष होता तो चकत्यांच्या घनतेचा. ४ जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते. एकीत १६ चकत्या असतात आणि प्रत्येक चकती २ गिगाबिटांची असते. दुसरीत केवळ ८ चकत्या असून प्रत्येक चकती ४ गिगाबिटांची असते. बेरीज दोन्हीकडे सारखीच. परंतु जी-४१ च्या रचनेला ४ गिगाबिटांची चकती वाचताच येत नाही. तिला १६ चकत्यांची, म्हणजे दोन्ही बाजूंस आठ-आठ काळे चौकोन असलेलीच पट्टी लागते. म्हणून अशा बोर्डासाठी रॅम घेताना पट्टी उलटसुलट करून चकत्या मोजाव्यात. मोजणीला पैसे पडत नाहीत. न मोजण्याला मात्र पडतात. पुढे हीच पट्टी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या एच-६१ बोर्डावर निर्वेधपणे चालली आणि त्या घराने तिची किंमत चुकती केल्यामुळे माउलीचे पैसे वाचले. पण असा योग दर वेळी येतोच असे नाही.

पट्टीवरील कागदावर काही आकडे व अक्षरे असतात, तीही वाचावयास शिकले पाहिजे. 'पीसी-३ १२८००' असे लिहिलेले असेल, तर 'पीसी-३' म्हणजे डीडीआर-३. पुढील आकडा म्हणजे दर सेकंदास जास्तीत जास्त १२,८०० मेगाबाइट इतकी माहिती वाहण्याची शक्ती. यास आठाने भागले की १,६०० हा वेग मिळतो, कारण प्रत्येक खेपेस आठ बाइट एकदम नेले जातात. १०६०० लिहिलेली पट्टी याच हिशेबाने १,३३३ वेगाची होय. वेग भिन्न असल्यास भिण्याचे कारण नाही. १,३३३ च्या सोबत १,६०० ची पट्टी बसविली, तर दोन्ही मंदगतीच्या मापाने चालतात; बैलजोडीत एक बैल हळू चालला की दुसऱ्यासही हळू चालावे लागते, तसेच हे. म्हणून जुन्या यंत्रासाठी अधिक वेगाची पट्टी अधिक दाम देऊन घेण्यात हशील नाही.

आकड्यांच्या शेवटी जे अक्षर येते, त्याकडे मात्र डोळेझाक करू नये. 'यू' असेल तर ती घरगुती संगणकाची साधी पट्टी. 'एस' असेल तर ती लॅपटॉपची आखूड पट्टी. 'आर' असेल तर ती सर्व्हर नावाच्या मोठ्या यंत्रांची. ती घरगुती बोर्डावर चालत नाही. मोठ्या कचेऱ्यांतील सर्व्हर मोडीत निघाले म्हणजे त्यांतील रॅम फार स्वस्तात बाजारात येते आणि तिच्या स्वस्ताईला भुलून अनेक जण फसतात. 'पीसी-३' ऐवजी 'पीसी-३ एल' असे असेल, तर ती १.३५ व्होल्टवर चालणारी पट्टी होय. ती १.५ व्होल्टही सोसते. म्हणून सहसा डीडीआर-३ च्या जुन्या बोर्डावर चालते. उलट, जे बोर्ड १.३५ व्होल्टचीच पट्टी मागतात, त्यांत १.५ व्होल्टची घालू नये.

दोन स्लॉट असतील तर एकाच जातीच्या, सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घालणे उत्तम. मग प्रोसेसर व रॅम यांच्यामध्ये एकाऐवजी दोन वाटा खुल्या होतात आणि रहदारी दुप्पट होऊ शकते. चार स्लॉट असल्यास जोडीचे स्लॉट बहुधा एकाच रंगाचे असतात. तथापि एक स्लॉट भरलेला व एक रिकामा असेल, तर जुनी पट्टी फेकून जोडी आणण्याचे कारण नाही. जुनीशी जुळणारी एक आणली तरी काम भागते.

खरेदीस निघताना पुढील गोष्टी सोबत असाव्यात: मदरबोर्डवर छापलेले त्याचे नाव, प्रोसेसरचे नाव, आणि शक्य तर जुनी पट्टीच. एखाद्या नामांकित कंपनीचे अखंड यंत्र असेल, तर त्याच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्यास किती व कोणती रॅम चालते ते पाहावे. यंत्र न उघडता माहिती हवी असल्यास 'सीपीयू-झेड' हा विनामूल्य प्रोग्राम बोर्डाचे नाव व पट्टीची जात दाखवितो. कोप्पीकर रस्त्यावर घ्या की धारवाडात घ्या, 'न चालल्यास इतक्या दिवसांत बदलून देऊ' एवढे शब्द पावतीवर लिहून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. सचोटीच्या दुकानदारास यात वावगे वाटणार नाही.

बसविण्याची कृती सोपी आहे. मात्र ती घरच्या वडीलधाऱ्या माणसांसमक्ष करावी. यंत्र बंद करून विजेची पिन भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटन काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा; आपल्या अंगावरील घर्षणविद्युत् त्यामुळे निघून जाते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ही काळजी विशेष घ्यावी. पट्टी कडांनी धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. स्लॉटच्या टोकाचे खटके उघडून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खटका आपोआप मिटतो व 'टक' असा आवाज येतो. सुरू केल्यावर पडदा काळाच राहून 'बीप बीप' असा आवाज येत राहिला, तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा जुळत नाही असे समजावे. पट्टी एकदा काढून पुन्हा बसवून पाहावी. यंत्र सुरू झाले, तरी 'मेमटेस्ट' नावाच्या विनामूल्य प्रोग्रामने रात्रभर तपासणी करणे शहाणपणाचे. पट्टीतील एखादा कप्पा नादुरुस्त असेल, तर तो वेळीच कळतो व पावतीचा उपयोग होतो.

शेवटी किती खर्च करावा, हा विचार. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड यंत्रांसाठी स्मृतीची मागणी एकाएकी वाढली आणि जगभर रॅमचे भाव झपाट्याने चढले. जगातील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्याच बनवितात. त्यामुळे परदेशातील मागणीचा चटका आपल्या गल्लीतील दुकानापर्यंत पोहोचतो. मायक्रॉनच्या स्मृतिचकत्या जोडून तपासण्याच्या कारखान्याची पायाभरणी गुजरातेतील साणंद येथे सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

आणखी एक ध्यानात ठेवावे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी केवळ रॅम पुरत नाही; प्रोसेसरही नव्या जातीचा, इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणून 'रॅम वाढविली की विंडोज ११ चालेल' असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. जुन्या यंत्रासाठी लिनक्स मिंट, झुबंटू यांसारख्या विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांवर ४ जीबीत लेखन-वाचनाचे काम होते, ८ जीबीत तर ऐसपैस होते, आणि मराठी व कानडी या दोन्ही लिपी त्यांत लिहिता येतात. डीडीआर-२ च्या काळातील यंत्रावर मात्र नवा खर्च करण्यापेक्षा, दुसऱ्या मोडक्या यंत्रातील पट्टी सुस्थितीत मिळाल्यास तीच बसवावी, आणि काहीच जमले नाही तर ते यंत्र कचऱ्यात न फेकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.

सारांश, क्रम असा: आधी निदान, मग पिढी, मग परिसीमा, मग घनता व अक्षर, आणि सर्वांत शेवटी किंमत. दुकानात आपण बहुधा याच्या नेमके उलट चालतो. प्रथम किंमत विचारतो आणि बाकीचे विचारीतच नाही. हा क्रम एका कागदावर लिहून संगणकापाशी चिकटवून ठेवा. येत्या सुट्टीत ज्याच्या घरी जुने यंत्र पडून असेल, त्याने वडिलांच्या संमतीने त्याच्या पट्टीवरील कागद तेवढा वाचून आणावा. शाळेत आपण सर्व मिळून त्याचा अर्थ लावू. एखाद्या घराचे दोन हजार रुपये वाचले आणि एखाद्या मुलीच्या दहावीच्या अभ्यासाला ते जुने यंत्र पुन्हा उपयोगी पडले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.